कळ

ग्लोडोकच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
कायमचा थांबलेला सरकता जिना आहे,
त्याला लागून माझं टेबल.
भिंग, चिमटा, स्पिरिटची बाटली,
आणि एका डबीत पस्तीसएक कळा,
मेलेल्या फोनांच्या,
पडलेल्या दातांसारख्या जपलेल्या.

इनांग रोतुआ येते पहाटेचा बाजार उरकून
मुआरा आंकेहून. बसमध्ये
तिच्या शेजारची जागा रिकामीच राहते म्हणे.
फोन ठेवते समोर. तळहाताएवढा,
निम्मा पडदा, निम्मा कळफलक.
‘के अडकतोय परत.’
मी उघडतो. के-खाली खवला.
बांगड्याचा. अजून चमकतोय.

‘आता बदला,’ मी म्हणतो. दर वेळी म्हणतो,
धंदाच आहे माझा.
‘मोठा घ्या, काचेचा, हप्त्यानं.’

ती हात पुढे करते, सुरकुतलेला, ओलसर.
‘ह्या बोटांना काच ओळख देत नाही.
रात्री दोनला कोपरापर्यंत बर्फात असते मी,
समोर काट्यावर कुपा,
आणि काटेवाल्याची नजर माझ्या नजरेवर.
मान खाली घातली की अर्धा किलो गेला.
मी लिहिते ॲप्रनच्या खिशात.
भाव पोचतो बेकासीच्या हॉटेलवाल्याला,
डोळे काट्यावरचे हलत नाहीत.’

खोटं नाही.
एकदा वीज गेली तेव्हा
मीही खणातला एक जुना काढून
अंधारात माझं नाव लिहिलं होतं.
प्रत्येक अक्षर आधी जरासं अडतं,
मग टक् करून हो म्हणतं.
उजेड आल्यावर पाहिलं,
एकही चूक नव्हती. दोनदा पाहिलं.

पण मी रोज उघडतो हे फोन,
मला आतलंही माहीत आहे.
नकाशात तिला रस्ता दिसतो, वळण दिसत नाही.
मेदानहून नातू व्हिडिओवर येतो
तर एकदा कपाळ, एकदा हनुवटी;
अख्खा नातू तिनं नाताळातच पाहिला.
बॅटरी फुगते पावासारखी.
नवी येते शेन्झेनहून. नवी म्हणायची,
आधी कुणाची होती विचारायचं नाही.
आणि अंगठा.
उजव्या अंगठ्याच्या मुळातून कळ निघते
ती थेट कोपरापर्यंत.
मग ती डाव्यानं लिहिते, आणि
एकदा चाळीस किलोचे चारशे झाले.
आठ दिवस अख्ख्या गल्लीनं बांगडेच खाल्ले,
मांजरंसुद्धा कंटाळली.

‘बँकेचं तेवढं टाकून दे,’ ती म्हणाली,
‘हॉटेलवाले आता रोख देत नाहीत.’
टाकलं.
अटी उलगडत गेल्या, वीतभर, हातभर,
आणि शेवटी ‘मान्य आहे’चं बटण
पडद्याच्या कडेखाली, कळांच्या मागे कुठेतरी.
वर सरकवलं, येईना.
फोन आडवा केला, अक्षरं आडवी झाली,
बटण आणखी खोल गेलं.
पुढच्या टेबलावरचा सप्रोल येऊन बघून गेला.
इनांग हसली, सोन्याचा दात दिसेपर्यंत.
‘असू दे. नवरा गेल्यापासून
मला कुणी काही मान्य करायला लावलेलं नाही.’

डबीतून के शोधला.
एकच निघाला, अक्षर पुसलेला,
मधोमध खळगी
कुणाच्या तरी अंगठ्याची.
बसवला. तिनं दाबून पाहिला,
थांबलेल्या जिन्याकडे बघत काहीतरी लिहिलं.
माझ्या खिशातली मोठी काच थरथरली.
‘किती झाले?’
समोर उभं राहून, असं.

तीन तडे ओलांडत मी उत्तर लिहिलं:
राहू दे.
माझ्या काचेनं ते आपणहून सुधारलं,
आणि पाठवून झाल्यावर मला दिसलं:
पाहू दे.

‘पाहा की,’ इनांग म्हणाली,
आणि फोन परत माझ्यासमोर ठेवला.